पडद्याआडचे दान

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या अमेरिकी कथाखेळाने २०२४ साली पन्नाशी गाठली. त्याच वर्षी त्याच्या नियमग्रंथांची सुधारित आवृत्ती बाजारात येऊ लागली. खेळाडूंचा ग्रंथ सप्टेंबरात आला, सूत्रधाराचा नोव्हेंबरात आणि राक्षसांची जंत्री फेब्रुवारी २०२५ मध्ये. या सुधारणेच्या वाटेवर एक प्रसंग घडला. खेळाच्या वर्तुळाबाहेर त्याची फारशी चर्चा झाली नाही, पण तो उद्बोधक आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये प्रकाशकांनी चाचणीसाठी एक मसुदा प्रसृत केला. वीस बाजूंच्या फाशावर वीसचे दान पडले की घाव दुप्पट फाशांनी मोजायचा, हा या खेळाचा सर्वांत लाडका नियम. यापुढे तो केवळ खेळाडूंच्या पात्रांना लागू राहील, राक्षसांना नाही, अशी तरतूद मसुद्यात होती. कोवळे पात्र पहिल्याच संध्याकाळी एका दुर्दैवी दानाने मरू नये, हा त्यामागचा उघड हेतू. गंमत अशी की ज्यांच्यावर ही मेहेरनजर होणार होती, त्या खेळाडूंनाच ती रुचली नाही. तरतूद मागे घेतली गेली आणि अंतिम ग्रंथात राक्षसांचा हक्क शाबूत राहिला.

अपरिचितांसाठी थोडे स्पष्टीकरण. या खेळात चार-पाच जण एकेका पात्राची भूमिका घेतात. उरलेले सारे जग, म्हणजे राजे, चोर, पूर आणि भुयारे, सूत्रधार उभे करतो. अनिश्चित कृतीचा निर्णय फासे करतात. सूत्रधाराचे फासे मात्र पुठ्ठ्याच्या एका घडीच्या पडद्याआड पडतात. तेथे काय दान पडले हे तो सांगेल तेच खरे. साहजिकच प्रश्न उभा राहतो: नको ते दान पडले, तर त्याने ते बदलून सांगावे काय?

या प्रश्नामागचे गणित सूत्रधाराने एकदा नीट समजून घ्यावे. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकडा येण्याची शक्यता पाच टक्के. राक्षस तीन फेऱ्यांत मरतो, त्याला दैवाची पर्वा नाही. पात्र मात्र महिनोन्‌महिने खेळते आणि शेकडो घाव सोसते. त्यामुळे विरळ आणि भयंकर अशी प्रत्येक घटना कधी ना कधी खेळाडूच्याच दाराशी येते. दान निःपक्षपाती असले तरी त्याचे ओझे समान वाटले जात नाही. दयेचा मोह होतो तो येथेच, आणि तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

या मोहाला खुद्द जनकाचीच मान्यता होती. गॅरी गायगॅक्स यांनी १९७९ च्या सूत्रधार-ग्रंथात, सावधपणे खेळूनही पात्र मरत असेल तर त्याला बेशुद्ध वा जायबंदी करून वाचवावे, असे सुचवले. किंबहुना दान डावलण्याचा सर्वाधिकारच त्यांनी सूत्रधाराला बहाल केला. २०१४ च्या आवृत्तीनेही पडद्याचा एक फायदा म्हणून फेरफाराची सोय नमूद केली आहे.

हा वाद खेळापेक्षा कितीतरी जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात लेफ्टनंट फॉन राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये 'क्रीगस्पील' हा नकाशावरचा युद्धखेळ रूढ केला. त्यात पंच फासे टाकून कोष्टकांवरून हानी ठरवीत असे. कोष्टके वाढत गेली, खेळ संथ झाला, आणि १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्न्वा यांनी फासे व कोष्टके बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवण्याचा पुरस्कार केला. अमेरिकेत चार्ल्स टॉटन यांचा १८८० चा 'स्ट्रॅटेगॉस' हा युद्धखेळ पुढे मिनेसोटातील हौशी मंडळींच्या हाती लागला आणि त्याच मंडळींतून गायगॅक्स यांचे सहकारी डेव्ह आर्नेसन आले. पंचाचा अधिकार या खेळात वारशाने आलेला आहे.

या अधिकाराची सर्वांत गाजलेली कसोटी मात्र खऱ्या युद्धाच्या उंबरठ्यावर लागली. मे १९४२ मध्ये 'यामातो' या युद्धनौकेवर जपानी नौदलाने मिडवे मोहिमेची तालीम घेतली. बेटावरील विमानांनी जपानी विमानवाहू नौकांवर हल्ला केला, असा प्रसंग आला. पंच मासाताके ओकुमिया यांनी फासे टाकले. नऊ बॉम्ब अचूक पडले आणि 'आकागी' व 'कागा' बुडाल्या असा निकाल निघाला. अध्यक्षस्थानी असलेल्या रिअर अॅडमिरल उगाकी यांनी नऊचे तीन केले. 'आकागी' किरकोळ जखमी ठरली, आणि बुडालेली 'कागा'ही पुढच्या टप्प्यात पुन्हा तरंगू लागली. ४ जूनच्या लढाईत या दोन्ही नौका, 'सोर्यू' आणि 'हिर्यू'सह, जपानने कायमच्या गमावल्या.

युद्धानंतर फुचिदा आणि ओकुमिया यांच्या पुस्तकातून ही हकीकत जगापुढे आली. फुचिदांच्या एकंदर कथनावर इतिहासकारांनी पुढे शंका घेतल्या, तरी हा प्रसंग दान बदलणाऱ्याचा गर्वहरण म्हणून आजही सांगितला जातो. पण तो इतका सरळ नाही. प्रत्यक्षात मिडवे बेटावरून उडालेल्या विमानांचा एकही बॉम्ब जपानी विमानवाहू नौकांवर पडला नाही. घात केला तो अमेरिकी विमानवाहू नौकांवरून आलेल्या बॉम्बफेक्यांनी. म्हणजे नऊचे तीन करण्यात उगाकींचा अंदाज फाशांपेक्षा वास्तवाला जवळ होता! आक्षेप घ्यायचा तो 'कागा'च्या पुनर्जन्माला. तीन बॉम्ब हा पंचाचा अंदाज होता, त्याचे समर्थन करता येते. बुडालेली नौका परत आणताना मात्र आधीच ठरलेली योजना वाचवायची होती आणि तालमीने विचारलेला प्रश्न टाळायचा होता.

टेबलावरही हीच रेघ उपयोगी पडते. सूत्रधाराची विवेकबुद्धी चालावी ती फासा हातातून सुटण्यापूर्वी. या कृतीला दान हवे की नको? अपयश आले तर काही घडणार आहे काय? घडणार नसेल तर फासे टाकूच नयेत. कुलूप उघडायला वेळ मुबलक आहे आणि पहारेकरी नाही, तर ते उघडले असे सांगून मोकळे व्हावे. दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची २०१४ पासूनची सवलत द्यायची तर आधी द्यावी. तिने वीस पडण्याची शक्यता पाचावरून पावणेदहा टक्क्यांवर जाते. शत्रू मारून टाकण्याऐवजी कैद करील, हेही आधीच ठरवता येते. एकदा दान पडल्यावर केलेली दया खेळाडूच्या आधीच्या सावधपणाची किंमत शून्य करते, आणि ती लपून राहते हा समज तर भाबडाच आहे. तीन वेळा मृत्यू हुकला की चौथ्या वेळी टेबलावरचा प्रत्येक जण निर्धास्त असतो.

गुप्त दान सरसकट वाईट नव्हे. अंधारात दबा धरलेला चोर दिसला की नाही, याचे दान खेळाडूने स्वतः टाकले आणि दोनचा आकडा पाहिला, तर तेथे काहीतरी आहे हे तो ओळखून बसतो. असे दान पडद्याआडच शोभते. घावाचे दान मात्र उघड्यावर टाकावे, असे या लेखकाचे मत आहे. मेग आणि व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० च्या 'अपॉकॅलिप्स वर्ल्ड'ने तर गाठच कापून टाकली. तेथे सूत्रधार फासे टाकतच नाही. खेळाडू दोन फासे टाकतो, दहा वा अधिक म्हणजे निर्भेळ यश, सात ते नऊ म्हणजे किंमत मोजून यश. काही अधिक-उणे नसेल तर हा मधला निकाल ३६ पैकी १५ वेळा येतो, आणि कथा पुढे सरकते ती बव्हंशी त्याच्याच जोरावर.

ऑगस्ट २०२३ मध्ये संगणकावर आलेल्या 'बाल्डर्स गेट ३' ने याच नियमांवर बेतलेला खेळ लक्षावधींच्या घरी नेला. त्यात 'कर्मिक डाइस' नावाची सोय आहे. ओळीने पडणारी वाईट दाने ती टाळते, आणि खेळ सुरू करताना ती चालूच असते. म्हणजे यंत्रानेही गायगॅक्स यांचाच सल्ला मानला. फरक इतकाच की ही सोय पर्यायांच्या यादीत नावानिशी दिसते आणि खेळाडूला ती बंद करता येते. पुठ्ठ्याच्या पडद्यामागे बसणाऱ्याने पहिल्या बैठकीला तेवढाच पर्याय टेबलापुढे ठेवून मंडळींचे मत घ्यायला कोणत्याही ग्रंथाची आडकाठी नाही.