पास झाडाचा, जीव माणसाचा

वढू बुद्रुकच्या शिवारात बांधावरचे झाड विकले जाते ते उक्ते. व्यापारी येतो, बुंध्याला कवेत घेऊन घेर अजमावतो, वर शेंड्याकडे नजर टाकतो आणि आकडा सांगतो. शेतकरी घासाघीस करतो, चहा होतो, सौदा तुटतो. लाकूड किती टन निघेल, जळण कोणी न्यायचे, खोड जमिनीलगत कापायचे की मुळासकट काढायचे, सगळे बोलून होते. झाड पाडताना कोणाला काही झाले तर बघायचे कोणी, हा प्रश्न मात्र निघत नाही. असे सौदे मी बरेच पाहिले आहेत. तो प्रश्न एकदाही माझ्या कानावर आलेला नाही.

वढू म्हटले की छत्रपती संभाजी महाराजांची समाधी डोळ्यांपुढे येते, आणि ते योग्यच आहे. पण गावाला रोजचे जगणेही असते. भीमेच्या पाण्यावर ऊस, बांधावर कडुनिंब, बाभूळ, सुबाभूळ, एखादी जुनी चिंच. थोड्या अंतरावर पुणे–अहिल्यानगर रस्ता आणि त्याच्या कडेने सणसवाडी, शिक्रापूर, पुढे रांजणगाव, दुसरीकडे चाकण. कारखान्यांना यंत्रे बांधायला खोकी लागतात, वीटभट्ट्यांना जळण लागते, वखारींना ओंडके लागतात. म्हणून वर्षभर कुठे ना कुठे करवत चालूच असते.

आता गंमत पाहा. झाडाची काळजी सरकारने १९६४ सालीच घेतली. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमात साग, आंबा, चिंच, जांभूळ अशा झाडांची यादीच आहे. ती आपल्या शेतातली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. लाकूड हलवायचे तर वाहतुकीचा पास. हे सगळे असावेच, माझी तक्रार त्याबद्दल नाही. पण त्या कागदावर झाडाची जात असते, संख्या असते, मालकाचे नाव असते. करवत धरणाऱ्याचे नाव कुठेच नसते. कामगारांच्या सुरक्षिततेची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली खरी, पण ती साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. आमच्याकडची टोळी चार-पाच जणांची. तिला आस्थापना म्हटले तर मुकादमालाच हसू येईल. चंद्रपूर-गडचिरोलीकडे वनखात्याच्या किंवा १९७४ साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाच्या कूपात तोड होते, तेव्हा निदान खुणा केलेली झाडे, नोंदवही आणि जबाबदार साहेब असतो. बांधावरच्या झाडाला यातले काहीच नाही. शेतकरी म्हणतो झाड विकले, व्यापारी म्हणतो काम मुकादमाला दिले, मुकादम म्हणतो मीही यांच्यातलाच.

पूर्वी कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत होती. काम संथ असे, आणि त्या संथपणात एक सोय होती: झाड पडायच्या आधी जी कडकड होते, ती ऐकू येई. आता मशीन करवत आली. अर्ध्या दिवसाचे काम काही मिनिटांत होते, पण तिच्या आवाजात झाडही ऐकू येत नाही आणि ‘सरक, सरक’ म्हणून ओरडणारा सोबतीही. म्हणून टोळीत एकाने करवतीला हात न लावता फक्त शेंड्याकडे बघत उभे राहावे आणि इशारा हाताने किंवा ठरलेल्या काठीने द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एक मजुरी वाढते. वाढू द्यावी.

बाकीचे नियम जगभर सारखेच आहेत; आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९८ मध्ये जंगलकामाच्या सुरक्षिततेची आचारसंहिताच छापली. झाड पाडायचे त्या बाजूला आधी खाच घ्यायची, बुंध्याच्या जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत. मग मागून काप घ्यायचा, पण आरपार नाही; मध्ये लाकडाची एक पट्टी राखायची. तीच बिजागरीसारखी झाडाला दिशा देते. ती कापून टाकली की झाड मोकाट सुटले. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात इतर कोणी असू नये. पळायची वाट तिरपी मागे, आधीच साफ केलेली असावी. आमच्याकडे नेमके उलटे दिसते: झाड पडताना बघायला पोरे जमतात, आणि बायका फाटे गोळा करायला आधीच पुढे सरकलेल्या असतात.

सर्वांत वाईट म्हणजे अडकलेले झाड. पडता पडता ते शेजारच्या झाडात टेकते. मग कोणीतरी खाली जाऊन टेकू कापायला लागतो. तिथे जाऊच नये. दोर लावून लांबून ओढावे, ट्रॅक्टर मागवावा, नाहीतर काम थांबवावे. आणि विजेची तार जवळ असेल तर महावितरणला १९१२ वर कळवून प्रवाह बंद केल्याशिवाय करवत चालूच करू नये. ‘तार लांब आहे’ हे वाक्य झाड उभे असताना म्हटलेले असते.

ट्रकचे दुःख वेगळे. ओले लाकूड दिसते त्यापेक्षा जड असते. हौद्याच्या कडेवर आणखी दोन थर चढवले की वळणावर गाडी झुकते. करकचून ब्रेक मारला की ओंडके केबिनकडे धावतात. खुंट मजबूत हवेत, दोराऐवजी साखळी हवी आणि चार-पाच किलोमीटर गेल्यावर थांबून ती पुन्हा आवळायला हवी, कारण लाकूड हादऱ्यांनी बसते आणि बांधणी सैल पडते. माल मागे बाहेर काढून नेण्याची जुनी सवलत २०१४ मध्ये नियमांतून गेली. आता त्याला आणि जादा वजनाला, दोन्हींना २०१९ च्या दुरुस्तीनुसार वीस-वीस हजारांचा दंड आहे, जादा वजनाला वर टनामागे दोन हजार. तरी लाल फडके बांधून ओंडके लोंबत जाताना दिसतातच. किती भरायचे हे ड्रायव्हर ठरवत नाही. भरणारा दुसरा, नेणारा तो. आणि फाल्गुन अमावास्येला याच रस्त्याने हजारो माणसे समाधीच्या दर्शनाला पायी येत असतात.

माल उतरवताना तर घाई जिवावर येते. साखळी सोडली की वरचा ओंडका कोणत्या बाजूला येणार हे आधी पाहावे, आणि त्या बाजूला कोणी नाही याची खात्री झाल्यावरच, टोकाकडे उभे राहून ती सोडावी. क्लीनर बहुतेक वेळा नेमका मधोमध उभा असतो. टोळीत तोच सर्वांत लहान.

पुण्यातल्या वाचकांनी हे खेड्यातले प्रकरण समजू नये. सोसायटीच्या आवारातली वाकलेली फांदी उतरवायला तुम्ही बोलावता तोही याच जातीचा कारागीर असतो, चपला घालून वर चढलेला. हेल्मेट आणि बूट एवढे सामान ट्रकच्या एका फेरीच्या डिझेलात बसते.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर विकणाऱ्याच्या हातात एक गोष्ट आहे: आगाऊ रक्कम घेण्याआधी विचारावे, टोळीचा अपघात विमा आहे का, आणि नसेल तर काही झाल्यास दवाखान्याचा खर्च कोण देणार हे चिठ्ठीवर लिहून मागावे. व्यापारी हसेल, आकडा थोडा खाली आणेल. आणू द्यावा. झाड पाडायच्या दिवशी पोरांना घरात ठेवावे, १०८ ची गाडी शेतापर्यंत कोणत्या वाटेने येईल हे मुकादमाला दाखवून ठेवावे. आणि संध्याकाळी ट्रक निघताना दमलेली टोळी ओंडक्यांवर चढून बसलेली दिसली, तर तिला खाली उतरवून कोरेगावच्या थांब्यापर्यंत आपल्या गाडीने सोडून यावे. फारसा वेळ लागत नाही.