गोळीतला गोडवा आणि पोत्यातला हिशेब



मेडशीच्या शिवारात डुक्कर म्हटले की कास्तकाराला आठवते ते एका रात्रीत निसवलेली ज्वारी लोळवून जाणारे रानडुक्कर. परदेशात मात्र डुकरे पाळणारे शेतकरी त्यांच्या गोळीखाद्यात उसाची मळी नाहीतर साखरेचा पाक घालतात. आपल्याला त्याचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच गव्हाणीत आहे. दुकानातून आणलेल्या गोळीपेंडीतही बहुधा मळीच असते. पोते उघडले की गोड वास येतो, गाय लगेच तोंड घालते आणि खाद्य चांगले आहे असे समजून आपण पैसे मोजतो. हा समज एकदा तपासला पाहिजे.

कारखानदार मळी घालतो ती तीन कामांसाठी. भरडलेला माल चिकटून गोळी पक्की होते, भुकटी उडून वाया जात नाही आणि जनावर आवडीने खाते. मळी प्रमाणाबाहेर झाली तर गोळी मऊ पडते, पोत्यात ढेकळे होतात, म्हणून शंभर किलोला पाच-दहा किलोच्या पुढे सहसा कोणी जात नाही. इथपर्यंत गैर काही नाही. पण मळीत निम्म्याच्या आसपास साखर, पाचवा हिस्सा किंवा थोडे अधिक पाणी आणि प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के. म्हणजे ताकद आहे, पण दूध वाढवणारी प्रथिने नाहीत. शिवाय गोडाच्या आड भुसा, टरफले आणि मातीसुद्धा खपून जाते. वास मळीचा असतो आणि भाव ढेपेचा लागतो.

आता आपल्या घरचा हिशेब पाहा. क्विंटलभर कापसात रुई निघते 34-35 किलो आणि सरकी साठ किलोच्या वर. ती सरकी आपण कापसाबरोबर विकून टाकतो आणि तिचीच ढेप पोत्याने विकत आणतो. विकताना भाव दुसऱ्याचा, घेतानाही दुसऱ्याचाच. सरकीत गॉसिपॉल नावाचे विष असते. डुकराला, कोंबडीला आणि लहान वासराला ते बाधते, पण रवंथ करणारे मोठे जनावर बेताच्या प्रमाणात ते पचवते. तेव्हा डुकराच्या खाद्याची नक्कल आपल्या कामाची नाही. आपली ढेप आपल्या गायी-म्हशींसाठीच आहे.

खरे तर मळीची अधिक गरज आहे ती कडब्याला. नुसत्या कडब्यावर जनावर जगते, पण दूध देत नाही. शंभर किलो कुट्टीवर दहा किलो मळी, मीठ, खनिज मिश्रण आणि थोडा युरिया पाण्यात विरघळवून शिंपडला, तर तोच कडबा जनावर आवडीने खाते आणि त्याच्या पोटातले जंतू त्या युरियापासून प्रथिने तयार करतात. मात्र युरिया दोन किलोच्या वर कधीही नको, आणि खडा राहता कामा नये, नाहीतर जनावर दगावते. सहा महिन्यांखालच्या वासराला हा चारा घालू नये. सुरुवात पशुवैद्यकाला विचारून, थोड्या-थोड्यानेच करावी.

इतके सोपे आहे तर गावोगाव का होत नाही? कारण मळीपासून दारू गाळता येते. म्हणून तिचा साठा, विक्री आणि वाहतूक यांवर राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याचा पहारा आहे. केंद्राने मळीवरचे आपले नियंत्रण 1993 मध्ये उठवले, राज्याचे राहिले. कराचा प्रकारही तसाच. मळीवर जीएसटी होता 28 टक्के, तेव्हाचा सर्वांत वरचा दर. पशुखाद्यावर कर नाही, म्हणून कारखानदाराला मळीवर भरलेला कर वळता करून घेता येत नसे. तो पोत्याच्या किमतीत मिसळून आपल्याच माथी येई. ऑक्टोबर 2023 मध्ये जीएसटी परिषदेने तो 5 टक्क्यांवर आणला आणि त्यामुळे पशुखाद्याचा खर्च कमी होईल असे स्वतःच सांगितले. पोत्याचा भाव त्यानंतर किती उतरला, ते ज्याने त्याने आपल्या जुन्या पावत्या काढून पाहावे. पुढे जानेवारी 2024 मध्ये मळीच्या निर्यातीवर 50 टक्के शुल्क लावले गेले. मळी देशात इथेनॉलसाठी राहावी म्हणून. ऊसवाल्याचा बाहेरचा बाजार त्याने अडवला, आणि कोरडवाहू कास्तकाराच्या कडब्यापर्यंत मळी त्यामुळे आली असेही नाही.

म्हणून जिल्हा बैठकीला येताना तीन गोष्टी ठरवून या. पहिली, गावाने मिळून खाद्य घ्यावे, आणि वासावर न जाता लेबलावरची प्रथिने पाहून घ्यावे. मूठभर गोळी पेल्यात भिजवा, माती असेल तर तळाशी बसेल. शंका आली तर नमुना तपासून घेण्याबद्दल अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत चौकशी करा. दुसरी, सरकी गावातच राहून ढेप गावातच निघेल का, याचा हिशेब मांडा. तिसरी, चाऱ्यासाठी पिंपभर मळी नेणाऱ्या कास्तकाराला परवान्याच्या कटकटीतून मोकळे करा, ही मागणी एकमुखाने करा.

यात अनुदान मागितलेले नाही. उसवाल्याला मळी विकता यावी आणि कापूसवाल्याला ती विकत घेता यावी, एवढेच म्हणणे आहे.