खेळण्यांचा भोंगा आणि दाराआडचं ऑफिस

दुपारची वेळ. आतल्या खोलीत आई कानाला हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलेली, आणि बाहेर अडीच वर्षांच्या चिरंजीवांच्या हाती बंबाची गाडी! बटण दाबलं की भोंगा, पुन्हा दाबलं की पुन्हा भोंगा. तुमच्याही घरी हेच चालतं ना? २०२० च्या टाळेबंदीत ऑफिस घरात आलं, आणि पुष्कळ घरांतून ते परत गेलंच नाही.

आमच्याकडे मागे याच गाडीवरून रामायण घडलं. सूनबाई तरातरा बाहेर आली आणि मुलासमोरच त्याला सांभाळणाऱ्या मावशींना म्हणाली, "एवढंसुद्धा कळत नाही का तुम्हाला?" मावशी काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी चपला घालताना मात्र हळूच म्हणाल्या, "ताई, दाराआडून तुमचा आवाज आला की बाळ आई-आई करून रडतं. ते रडणं तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून मी गाडी देते."

आम्ही दोघी चपापलोच. ज्याला आपण निष्काळजीपणा म्हणत होतो, ती त्यांची काळजी होती!

तेव्हा पहिली गोष्ट, रागावण्याआधी विचारा. आणि मुलासमोर तर बोलूच नका. आईच ज्यांचा मान ठेवत नाही, त्यांचं मूल तरी का ऐकेल?

दुसरी गोष्ट, मीटिंग कधी आहे हे मावशींना कळणार कसं? सकाळी चहा घेतानाच दिवसभराच्या वेळा सांगून ठेवा. दाराच्या कडीला लाल रुमाल बांधा. रुमाल असेल तोवर शांत खेळ, सुटला की हवा तो दंगा. महत्त्वाची मीटिंग असेल तेव्हा मूल खाली अंगणात किंवा बागेत गेलेलं सगळ्यात उत्तम.

आता खेळण्यांकडे वळू. त्यांच्या दोन टोपल्या करा. एक वाजणारी, एक शांत. शांत टोपलीत कापडी बाहुल्या, जाड पुठ्ठ्याची पुस्तकं, सावंतवाडीची रंगीत लाकडी फळं, आणि आयत्या वेळी कणकेचा गोळा. चिंचोके, मणी, गोट्या मात्र तीन वर्षांखालच्या मुलांना देऊ नका; घशात अडकतात. ठोकळे आणि गाड्या फरशीवर फार खडखडतात, म्हणून खाली जुनी गोधडी अंथरा. खोलीच्या दाराखालच्या फटीला जुन्या साडीची गुंडाळी लावलीत, तर आवाज बराच अडतो.

वाजणारं खेळणं आधी उलटं करून पाहा. पुष्कळदा आवाज कमी करायचं बटण तिथेच असतं. नसेल तर स्पीकरच्या भोकांवर चिकटपट्टीचे दोन-तीन थर द्या. भोंगा बंद होत नाही, पण सुसह्य होतो. पट्टीच्या कडा नीट दाबा आणि मधूनमधून तपासा, नाहीतर ती सुटून बाळाच्या तोंडात जायची. हा उपाय केवळ मीटिंगसाठी नाही, बरं का. मोकळ्या जागी अंतर निम्मं झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने चढतो, आणि मुलं तर खेळणं थेट कानाशी धरतात. त्यांच्या कोवळ्या कानांचाही विचार हवाच.

बॅटरी काढून ठेवायची असेल, तर झाकणाचा स्क्रू पुन्हा घट्ट बसवा आणि बॅटरी कुलपात ठेवा. बटणाएवढी चपटी बॅटरी गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतच गंभीर इजा होऊ शकते. नुसती शंका आली तरी उलटी काढायचा प्रयत्न न करता ताबडतोब रुग्णालय गाठा. हे मावशींनाही समजावून सांगा. नवीन खेळणं घेताना आय.एस.आय. चिन्ह पाहा. कारखान्यात बनणाऱ्या, १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे.

राहता राहिलं ते रडणं. त्यावर चिकटपट्टी नाही! दोन मीटिंगांच्या मध्ये दहा मिनिटं बाहेर या आणि मुलाला जवळ घ्या. जाताना नजर चुकवून सटकू नका. 'रुमाल सुटला की येते' असं सांगून जा, आणि खरोखरच या.

आमच्या सूनबाईने दुसऱ्या दिवशी मावशींची माफी मागितली, तीही मुलासमोर. बोलली होती त्याच्यासमोर, मग माफी एकांतात का? मावशी नुसत्या हसल्या आणि गाडी घेऊन आल्या. "ताई, ही कुठल्या टोपलीत?"

संध्याकाळी पाच वाजता आमच्याकडे आता लाल रुमाल सुटतो आणि बंब वाजू लागतो. खरं सांगू? त्या वेळी तो भोंगा कानाला गोडच लागतो.