गृहारोग्य : अंथरुणांतील धूळ आणि पहांटेच्या शिंका

पहांटे अंथरुणावर उठून बसतांच एकामागून एक पंधरा-वीस शिंका याव्यात, नाक गळूं लागावें, डोळे चोळून लाल व्हावेत आणि दिवस वर आल्यावर सारें आपोआप निवळावें, असें एखादें तरी माणूस बहुतेक मोठ्या कुटुंबांत सांपडतें. त्याचा दोष कधीं रात्रीच्या ताकाला, कधीं केळ्याला, तर कधीं ओल्या केसांनीं निजण्याला दिला जातो. लहान मुलाच्या छातींत घरघर सुरू झाली म्हणजे तर त्याच्या आईची हयगय काढण्यास कोणीच कचरत नाहीं. आम्ही वाचकांस इतकेंच विनवितों कीं, त्या माउलीस बोल लावण्यापूर्वीं मुलाची गादी एकदां पाहावी.

धुळीनें दमा बळावतो हें ज्ञान नवें नव्हे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत, हिक्का व श्वास यांवरील अध्यायांत, धूळ, धूर व वारा हीं श्वासाचीं कारणें म्हणून सांगितलीं आहेत. आभाळ भरून आलें, पाऊस व थंडी पडली म्हणजे तमकश्वास वाढतो, हेंही तेथें नमूद आहे. निरीक्षण मार्मिक खरें. परंतु तेवढ्यावरून पूर्वजांस सर्व कांहीं ठाऊक होतें असें म्हणण्याची जी खोड आम्हां संस्कृत शिकलेल्यांस आहे, ती येथें आवरलेली बरी. घरच्या धुळींत नेमका कोण दडला आहे, हें हॉलंडांतील लायडन येथील फोरहोर्स्ट, स्पीक्स्मा प्रभृति संशोधकांनीं १९६४ च्या सुमारास दाखवून दिलें.

हा प्राणी कोळी व गोचीड यांच्या गोत्रांतला, आठ पायांचा. लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, त्यामुळें तो सहसा दृष्टीस पडत नाहीं. त्याचें शास्त्रीय नांव डर्मॅटोफॅगॉइडीस. त्यांतील ग्रीक शब्दांचा अर्थ त्वचा खाणारा असा होतो. तो चावत नाहीं, रक्त पीत नाहीं. आपल्या अंगावरून नित्य झडणारा त्वचेचा कोंडा हें त्याचें अन्न, आणि हवेंतील ओलावा शोषून तो आपली तहान भागवितो. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांच्या खालीं राहिली तर तो सुकून मरतो. ऊब, घाम व कोंडा हीं तिन्ही रोज सात-आठ तास जेथें मिळतात, त्या गादी-उशींत त्यानें बिऱ्हाड केलें तर नवल नाहीं.

खरा उपद्रव मात्र त्याच्या विष्ठेच्या कणांचा. कित्येकांच्या शरीरास त्यांतील प्रथिनें सोसत नाहींत. हे कण तसे जड. अंथरूण झटकलें कीं उडतात आणि अर्ध्या तासांत बहुतेक खालीं बसतात. म्हणून हवा शुद्ध करण्याचीं महागडीं यंत्रें या कामीं फारशीं उपयोगी पडत नाहींत. फडताळावरची धूळ पाहुण्यांस दिसते, तिची आपणांस लाज वाटते. परंतु रोग्याचें नाक रात्रभर टेकलेलें असतें तें उशीवर.

आतां गादीविषयीं. आमच्या घरांतून भांड्यांप्रमाणें गाद्याही वारशानें येतात. आजोबांची कापसाची गादी पिंजून घेऊन नातवास देण्यांत माया आहे, काटकसरही आहे. पण कापूस पिंजल्यानें त्यांतील सारी घाण नाहींशी होत नाहीं. दम्याच्या मुलास शक्य तर नवी गादी द्यावी, आणि गादी व उशी यांस घट्ट विणीची, चेन लावून पूर्ण बंद होणारी खोळ घालावी. साधा अभ्रा या कामीं पुरत नाहीं. त्याच खोलींत निजणाऱ्या भावंडांच्या अंथरुणांचीही हीच व्यवस्था हवी.

चादरी, अभ्रे, पांघरुणें आठवड्यांतून एकदां ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यांत धुवावींत. थंड पाण्यानें विष्ठा बरीच निघून जाते, जीव मात्र पुष्कळसे वांचतात. या दृष्टीनें जुन्या लुगड्यांची पातळ गोधडी जाड रजईपेक्षां कितीतरी सरस. ती धुतां येते आणि उन्हांत लवकर तापते. कडक ऊन हें उत्तम औषध आहे, पण जाड गादीच्या पोटापर्यंत तें पोंचत नाहीं. शिवाय जीव मेले तरी त्यांची घाण तशीच राहते. म्हणून उन्हानंतर झटकणें व धुणें आलेंच. मुलांचीं कापडी खेळणीं पिशवींत घालून दोन दिवस शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवावींत आणि मग धुवावींत.

निजण्याच्या खोलींत जमखाना नको. कोरड्या केरसुणीपेक्षां ओलें फडकें बरें. पावसाळ्यांत त्याच खोलींत दोऱ्या बांधून कपडे वाळविण्याची आपली रीत या जिवांच्या पथ्यावर पडते. दोऱ्या दुसरीकडे बांधाव्यात. उद-धूपाचा धूर देवघरांतच राहूं द्यावा. त्यानें हे जीव मरत नाहींत, रोग्याची छाती मात्र दाटते.

यांतील एखादाच उपाय करून गुण येण्याची आशा धरूं नये. अनेक उपाय एकत्र व नेटानें करावे लागतात. प्रत्येक दमा याच जिवांमुळें होतो असेंही नाहीं, म्हणून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. आणि डॉक्टरांनीं दिलेला ओढण्याच्या औषधाचा पंप, 'सवय लागेल' या भयानें, वडीलधाऱ्यांनीं परस्पर बंद करूं नये. तशी सवय लागत नाहीं. उलट औषध तुटल्यानें मुलाच्या जिवावर बेतूं शकतें.

एक व्यवस्था मात्र घरांतील पुरुषमंडळींनीं पाहावयाची आहे. अंथरुणें काढणें, झटकणें, केर काढणें हीं कामें बहुधा सुनेकडे असतात आणि शिंकांनीं हैराण झालेली पुष्कळदां तीच असते. अशा घरीं तें काम मुलानें किंवा सासऱ्यानें करावें, आणि केर काढल्यावर अर्धा तास तिला त्या खोलींत बोलावूं नये.