मूसला बंदुकीचं वय कळत नाही

माझा मावसभाऊ स्वीडनच्या उत्तरेला, ऊमेओला राहतो. गेल्या वर्षी तो तिथली शिकाऱ्यांची परीक्षा पास झाला आणि आता कामावरच्या मित्रांनी त्याला मूसच्या शिकारीला बोलावलंय. परवा त्याने दोन जुन्या बोल्ट-ॲक्शन रायफलींचे फोटो पाठवले. एक स्वीडिश सैन्याची एम-96 माउझर, दुसरी हुस्कवर्ना कंपनीची साधी शिकारी रायफल. खाली प्रश्न : "तू लिटरेचरवाली, जुन्या वस्तूंवर जीव टाकणारी. सांग, कुठली घेऊ?"

त्याला एम-96 हेच उत्तर हवं होतं, हे उघड होतं. मी हुस्कवर्ना म्हटलं. दादा जरा रुसलाच. म्हणून हे सविस्तर.

आपल्याकडे 1972 च्या कायद्यानंतर शिकार म्हटलं की आधी गुन्हाच डोळ्यांसमोर येतो. माझंही तसंच झालं. पण तिथे मूस भरपूर आहेत. ते पाइनची कोवळी झाडं खातात, रस्त्यावर गाड्यांना आडवे येतात, आणि किती मारायचे ते दरवर्षी ठरवून दिलेलं असतं. उत्तरेत सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी शिकार सुरू होते आणि मांस घरोघरच्या फ्रीजरमध्ये जातं. तेव्हा शिकार करावी की नाही, हा वाद मी दादाशी घातला नाही. वाद फक्त कशाने करावी याचा.

एम-96 चं आकर्षण मला कळतं. स्वीडन आणि नॉर्वे एका राजाखाली होते तेव्हा दोघांनी मिळून 6.5 बाय 55 हे काडतूस ठरवलं. 1905 साली दोन्ही देश वेगळे झाले. घर फुटलं, काडतूस मात्र एकच राहिलं. दादाच्या फोटोतल्या रायफलीवर मुकुटाचा शिक्का आहे, एस्किल्स्टूनाच्या कारखान्याचं नाव आहे, 1908 साल आहे. आणि दस्त्याच्या उजव्या बाजूला पितळेची एक गोल चकती. नळीचा व्यास किती, आतून ती किती झिजलीय, हे सैन्याच्या कारागिराने त्या चकतीवर खुणा करून नोंदवलेलं असतं. थोडक्यात, बंदुकीचं प्रगतिपुस्तक! मी तो फोटो झूम करून करून पाहिला, खोटं कशाला बोलू?

पण आता हीच रायफल जंगलात न्या. नळी जवळजवळ 74 सेंटिमीटर लांब. झाडीत सारखी अडकणार. नेम धरायची पट्टी 300 मीटरपासून सुरू होते, कारण ती युद्धासाठी बनलीय. मूस बहुतेकदा त्याहून खूप जवळ असतो, म्हणजे गोळी नेमाच्या वर लागणार. दुर्बीण बसवावी म्हटलं तर बोल्टचा सरळ दांडा आडवा येतो. तो वाकवायचा, वर पोलादात भोकं पाडायची, लांब नळी कापायची. स्वीडनमध्येच कितीतरी एम-96 अशा कापल्या गेल्या. शंभराहून जास्त वर्षं जशीच्या तशी राहिलेली वस्तू एका सीझनसाठी कापायची, हे मला जुनी पोथी फाडून तिची पाकिटं करण्यासारखं वाटतं. आणि न कापता नेली, तर त्याची किंमत मूस मोजणार.

हुस्कवर्नाचं तसं नाही. ही कंपनी 1689 साली शस्त्रांचा कारखाना म्हणून सुरू झाली. पुढे शिलाई मशीनही तिनेच काढलं. तिच्या विसाव्या शतकातल्या शिकारी रायफली शेतकऱ्यासाठी, लाकूडतोड्यासाठी होत्या. शिक्का नाही, मुकुट नाही. दादाने पाठवलेली 1640, म्हणजे 1950 च्या दशकातली, माउझरच्याच घराण्यातली पण हलकी. बोल्टचा दांडा मुळातच खाली वाकलेला, दुर्बीण आधीच्या मालकाने बसवून घेतलेली. काडतूस तेच, 6.5 बाय 55. दादा म्हणाला, एवढ्या मोठ्या जनावराला ही गोळी लहान नाही का? स्वीडिश नियम सांगतो : गोळी 10 ग्रॅम किंवा जास्त वजनाची असेल तर 100 मीटरवर तिच्यात किमान 2000 ज्यूल ऊर्जा हवी. 10.1 ग्रॅमची चांगली गोळी त्यात बसते. मात्र ती आत जाऊन पसरणारी हवी. सैन्याच्या जुन्या साठ्यातली कडक आवरणाची गोळी मूसवर चालत नाही.

(मध्येच दादाने नॉर्वेची क्राग-यॉर्गेनसनही सुचवली होती. बोल्ट लोण्यासारखा सरकतो म्हणतात, पण तो मुख्यतः एकाच खाचेवर अडकतो. आजची जोरदार काडतुसं मी तरी त्यात घालू दिली नसती.)

मी बंदूक कधी हातात धरलेली नाही, मग एवढा आग्रह का, असं दादाने विचारलं. तर आजोबांमुळे. खानापूरच्या शेतात पिकाच्या राखणीसाठी त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती. त्यांच्या वडिलांची, म्हणून ते ती बदलायला तयार नव्हते. एका संध्याकाळी रानडुकराला गोळी लागली पण ते पडलं नाही. सकाळी रक्ताचा माग नाल्यापर्यंत गेला आणि तिथे संपला. आजोबांनी ही गोष्ट मला निदान दहा वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी नाल्यापाशी येऊन ते गप्प व्हायचे. दादाने ती ऐकलेली नाही. तो तेव्हा हॉस्टेलला होता.

स्वीडनमध्ये जखमी मूसचा माग काढणारा शिकवलेला कुत्रा दोन तासांत जागेवर पोचेल, अशी सोय शिकारीआधीच करावी लागते. नीट फुप्फुसात गोळी लागली तरी मूस काही अंतर चालतो, मग पडतो. चुकली तर काय होतं, ते मी दादाला लिहिलं नाही. फक्त नाल्याची गोष्ट लिहिली.

त्यावर दोन दिवस उत्तर नव्हतं. काल रात्री मेसेज आला : हुस्कवर्नावाल्याला फोन केलाय, शनिवारी नळी आतून बघायला जातोय. लायसन्सचा अर्ज पोलिसांकडे त्यानंतर. आणि तोवर रोज संध्याकाळी रेंजवर, जिथे 80 मीटरवर मूसची आकृती रुळावरून सरकत जाते. कालच्या चार गोळ्यांपैकी एक पोटात लागली, असंही त्याने लिहिलंय.