तिथि कोणीं ठरवावी?

कोंकणांतील बेने इस्रायल लोक आमच्या वाचकांस अपरिचित नाहींत. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून शेजाऱ्यांनीं त्यांस ‘शनवार तेली’ म्हटलें. आणि त्यांचा योम किप्पूर, म्हणजे पापक्षालनाचा उपवास, दारें लावून घेऊन पाळला जाई म्हणून त्यांच्या मराठींत तो ‘दारफळणीचा सण’ झाला. या उपवासाच्या दिवसावरून यहुदी पंडितांत सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वीं मोठा कलह माजला होता. पंचांगभेदामुळें कांहीं वर्षीं एका घरचा गणपति दुसऱ्या घरच्यापेक्षां महिनाभर आधीं बसतो, अशा आमच्या प्रांतानें त्याची हकीकत अवश्य ऐकावी.

यहुदी महिना चंद्रदर्शनानें सुरू होई. परंतु चंद्र ज्यांनीं पाहिला त्यांनीं न्यायसभेपुढें साक्ष द्यावी, सभेनें ती तपासावी आणि मग महिना जाहीर करावा, असा परिपाठ होता. साक्षीदार उत्साहानें यावेत म्हणून यरुशलेमांत त्यांस मोठें जेवण घालीत. या कामासाठीं शब्बाथाच्या दिवशींहि प्रवासाची मोकळीक असे. फांसे खेळणारा जुगारी आणि व्याजानें पैसे लावणारा यांची साक्ष मात्र चालत नसे. आमच्या सावकार वाचकांनीं रागावूं नये. हा नियम मिश्नेचा आहे.

इ. स. ७० मध्यें रोमनांनीं मंदिर पाडल्यावर पंडितांची सभा यब्ने येथें भरूं लागली. तिचे अध्यक्ष रब्बान गमलियेल यांनीं एकदां चंद्र पाहिल्याची साक्ष मान्य केली आणि दुसऱ्या रात्रीं चंद्र दिसलाच नाहीं! रब्बी दोसा म्हणाले, बाई काल बाळंत झाली म्हणतां आणि आज तिचें पोट पुढेंच आहे, ही साक्ष कसली? रब्बी यहोशुआ यांनीं त्यांचा पक्ष घेतला. तेव्हां गमलियेलांची आज्ञा सुटली: तुमच्या गणितानें जो उपवासाचा दिवस, त्या दिवशीं हातांत काठी व पैसे घेऊन माझ्याकडे या. यहोशुआ फार कष्टी झाले. रब्बी अकिवांनीं त्यांची समजूत घातली कीं, सण जाहीर करणें धर्मग्रंथानें मनुष्यांकडे सोंपविलें आहे. सभेनें जाहीर केला तोच सण, मग तो वेळेवर असो वा अवेळीं. यहोशुआ गेले. गमलियेलांनीं उठून त्यांच्या मस्तकाचें चुंबन घेतलें.

हा अधिकार त्या पंडितांनीं लोकांच्या सोयीसाठींहि वापरला. पुढें गणिती पंचांग आलें, त्यांत योम किप्पूर शुक्रवारीं किंवा रविवारीं पडूं द्यावयाचा नाहीं असें ठरलें. तो शनिवारच्या शब्बाथास लागून आला, तर दोन दिवस चूल नाहीं व प्रेत पुरणें नाहीं. भाजी सुकते, प्रेत सडतें. भाजीसाठीं महापर्वाचा दिवस सरकविणाऱ्यांस कोणी अधर्मी म्हटलें नाहीं! आमच्या पंचांगवादांत अयनांशाच्या कलाविकलांचा काथ्याकूट पुष्कळ होतो. घरांतल्या चुलीची आठवण किती शास्त्र्यांस होते?

परंतु अधिकार हातीं असला कीं माणूस चढतो. सायंप्रार्थनेच्या वादांत गमलियेलांनीं यहोशुआंस भर सभेंत उभें ठेविलें, तेव्हां सभेनेंच त्यांस पदच्युत केलें आणि तरुण एलाझार यांस बसविलें. गमलियेलांच्या अमदानींत मन शुद्ध नसलेल्या विद्यार्थ्यांस आंत येण्याची बंदी असे; त्या दिवशीं दारावरचा पहारेकरी काढला आणि नवीन बाकें शेंकड्यांनीं घालावीं लागलीं. गमलियेल क्षमा मागावयास यहोशुआंच्या घरीं गेले, तों भिंती कोळशानें काळ्या झालेल्या. तुम्ही कोळशाचा धंदा करतां वाटतें, असें त्यांनीं विचारलें. पंडित पोट कसें भरतात हें ज्याच्या पुढाऱ्यास ठाऊक नाहीं त्या काळाची आपणांस कींव येते, असें उत्तर मिळालें. क्षमा सहज मिळाली नाहीं; वडिलांच्या नांवाचा वास्ता द्यावा लागला. अध्यक्षपद परत मिळालें, परंतु पुरतें नव्हे: प्रवचनाची पाळी गमलियेलांस यापुढें एलाझारांबरोबर वांटून घ्यावी लागली.