गळ टाकण्याचा हक्क आणि नदीचे पाणी

कामगार चळवळीचा इतिहास लिहिताना आपण वेतन, बोनस, महागाईभत्ता आणि टाळेबंदी यांचा हिशेब तपशीलवार मांडतो; कामगाराच्या फावल्या वेळाचे काय झाले, इकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. फावला वेळ म्हणजे चैन आणि चैन म्हणजे मध्यमवर्गीय दुखणे, अशी काहीशी समजूत आपल्या अभ्यासशिबिरांतून रुजलेली आहे. ऑस्ट्रेलियातील हौशी मासेमारीचा आणि रानावनातील भटकंतीचा इतिहास या समजुतीस छेद देणारा आहे, म्हणून त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन पाण्याकाठी जाणे हा त्या देशात मूठभर श्रीमंतांचा शौक नाही. २०००-०१ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत वर्षातून एकदा तरी मासे धरावयास गेलेल्यांची संख्या तेहतीस लाखांहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ एक-पंचमांश आढळली. ज्या इंग्लंडमधून हे वसाहतवाले आले, तेथे नदीचा काठ ज्याच्या मालकीचा, मासे धरण्याचा हक्कही त्याचाच. सॅमन आणि ट्राउट हे जमीनदाराचे मासे, आणि ते रात्री गुपचूप धरणारा शेतमजूर हा गुन्हेगार. भरतीचे पाणी पोहोचते तेथवर मासे सर्वांचे, हे तत्त्वही मूळ इंग्रजी कायद्यातलेच. परंतु ऑस्ट्रेलियाच्या प्रचंड किनाऱ्यावर, जेथे वाळूचे पट्टे बहुतांशी सरकारी मालकीचे राहिले, तेथे या तत्त्वास खरा विस्तार मिळाला. अ‍ॅल्युमिनियमची छोटी होडी, जिला ते लोक लाडाने ‘टिनी’ म्हणतात, मोटारीमागे जोडून एखादा गवंडी शनिवारी पहाटे खाडीवर निघतो, आणि त्याला कोणाच्याही कुंपणाशी अडावे लागत नाही.

पण त्याला शनिवार मिळाला कसा? मेलबर्नच्या पाथरवटांनी २१ एप्रिल १८५६ रोजी विद्यापीठाच्या इमारतीचे काम थांबवून मोर्चा काढला आणि पगार न घटवता आठ तासांचा दिवस मिळवला. आठ तास काम, आठ तास मनोरंजन, आठ तास विश्रांती ही त्यांची घोषणा. तीन आठांचे त्यांचे स्मारक मेलबर्नमध्ये आजही उभे आहे. या घोषणेतील मधल्या आठ तासांना आपण पुरेसे महत्त्व देत नाही. विश्रांती ही उद्याच्या कामासाठी शरीर सज्ज करण्याकरिता असते, ती एका अर्थी मालकाच्याच हिशेबातली बाब. मनोरंजनाचे तास तेवढे कामगाराचे स्वतःचे. अर्थात हा विजय प्रथम बांधकामातील मोजक्या कारागिरांचा होता, स्त्रियांचा व अकुशल मजुरांचा नव्हे. चाळीस तासांचा आठवडा १ जानेवारी १९४८ पासून आला. वार्षिक पगारी रजा लवाद न्यायालयापुढे एकेक आठवडा झगडून वाढवून घ्यावी लागली; १९६३ मध्ये ती तीन आठवड्यांची झाली आणि सत्तरीच्या दशकात चार आठवड्यांची. किनाऱ्यावरची तंबूंची गावे, राहुटीगाड्या, टिनी हे सारे या रजेच्या पाठोपाठ आलेले आहे. बाजाराने सामान विकले. वेळ संघटनेने मिळवला.

आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली, ती याच जातीची लढाई होती. त्याच महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारापर्यंत नेण्यास मान्यता दिली. ऑस्ट्रेलियात याच सुमारास उलट दिशेचे एक पाऊल पडले: ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेर मालकाच्या दूरध्वनीस उत्तर न देण्याचा हक्क कायद्याने मान्य झाला. तेथेही सर्व काही आलबेल नाही. सुमारे पाच नोकरदारांमागे एक जण हंगामी, पगारी रजेविना राबतो. शनिवारी पाळी लागेल की नाही हे त्याला शुक्रवारी कळते. अशा माणसाला समुद्र खुला असून काय उपयोग?

वेळेप्रमाणे जागाही लढूनच राखावी लागली. सिडनीच्या दक्षिणेस १८७९ साली राष्ट्रीय उद्यान राखून ठेवले गेले, ते गर्दीने कोंडलेल्या शहरवासीयांना मोकळी हवा मिळावी म्हणून. पुढे मंदीच्या काळात, १९३१ साली, निळ्या पर्वतरांगेतील ग्रोस खोऱ्यात भटकणाऱ्या काही तरुणांना कळले की तेथील उंच ब्ल्यू गम वृक्षांचे बन तोडून एक पट्टेदार अक्रोडाची बाग लावणार आहे. या पायी भटकणाऱ्यांच्या मंडळांनी वर्गणी काढून १३० पौंडांना तो पट्टा विकत घेतला आणि बन सार्वजनिक करून टाकले. परंतु माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण १९७१ सालचे. सिडनीच्या हंटर्स हिल या सुखवस्तू वस्तीतील तेरा स्त्रिया नदीकाठचे ‘केलीज बुश’ हे शेवटचे रान वाचवण्यासाठी सर्व दारे ठोठावून थकल्या व अखेर जॅक मंडी यांच्या बांधकाम मजूर संघटनेकडे आल्या. संघटनेने जाहीर सभेत लोकांचा कौल घेतला आणि त्या जागी काम न करण्याचा ठराव केला. विकासकाने संघटनेबाहेरचे मजूर आणण्याची धमकी दिली, तेव्हा त्याच कंपनीच्या दुसऱ्या इमारतीवरील मजुरांनी कळवले की केलीज बुशमधील एक झाड जरी पडले, तरी ही इमारत अर्धवटच राहील. ‘ग्रीन बॅन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या चळवळीचा तो आरंभ. हे रान १९८३ साली सरकारने विकत घेऊन लोकांसाठी खुले केले. सुखवस्तू स्त्रियांसाठी मजुरांनी रोजी का पणास लावावी, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असणार. त्याचे उत्तर असे की मजुराचा पोरगाही त्याच रानातून पाण्याकडे उतरतो.

आता अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सुचणारी शंका. सर्वांसाठी खुले असलेले पाणी कोणीही उपसून रिकामे करील, हा गॅरेट हार्डिन यांचा १९६८ सालचा सिद्धान्त. खाजगी मालकीचे पुरस्कर्ते तो पोथीसारखा वाचतात. पण गायरान म्हणजे मोकाट रान नव्हे, गायरानाला गावाचे नियम असतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पुढे साधार दाखवले. न्यू साउथ वेल्समधील नियमच पाहा. मरे कॉड हा तेथील नद्यांचा राजा. तो पंचावन्न ते पंच्याहत्तर सेंटिमीटरच्या दरम्यानच ठेवता येतो, त्याहून लहान व त्याहून मोठा परत पाण्यात. एका दिवसात दोनच. सप्टेंबर ते नोव्हेंबर विणीचा काळ, तेव्हा बंदी. प्रौढ मासेमाराने शुल्क भरावयाचे व ते एका स्वतंत्र निधीत जमा व्हावयाचे. मुले, निवृत्तिवेतनधारक आणि आदिवासी यांना ते माफ.

याच निधीतून २००२ साली लेक मॅक्वारी, बॉटनी बे इत्यादी तीस ठिकाणी जाळ्याने मासे धरणाऱ्या धंदेवाईक मच्छीमारांचे परवाने विकत घेऊन ती पाणी हौशी मंडळींसाठी राखण्यात आली. येथे माझे मन अडते. मोबदला दिला गेला हे खरे; पण एका श्रमिकाच्या सुट्टीसाठी दुसऱ्या श्रमिकाचा पिढीजात धंदा उठवावा, हे समाजवादी दृष्टीस सहज पटणारे नाही. मोठ्या कंपन्यांच्या ट्रॉलरांना हात न लावता खाडीतल्या लहान जाळेवाल्यास आधी हलवणे सोपे असते, हे आपल्या कोकणातील कोणताही मच्छीमार सांगेल.

याहून खोल प्रश्न या साऱ्या मोकळ्या किनाऱ्याच्या मुळाशी आहे. तो मोकळा होता, कारण तो हिसकावून घेतलेला होता. बारवन नदीवर ब्रूवारिना येथे आदिवासींनी रचलेले दगडी मत्स्यबंध आजही दिसतात. पश्चिम व्हिक्टोरियातील गुंडिटजमारा लोकांनी ईल मासे पाळण्यासाठी खणलेले कालवे सुमारे सहा हजार सहाशे वर्षांपूर्वीचे असून २०१९ साली त्यांस जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आठ तासांसाठी लढणाऱ्या त्याच कामगार चळवळीने गोऱ्यांच्या ऑस्ट्रेलियाचे धोरण उचलून धरले, हेही विसरता कामा नये.

उत्तरेकडील आर्नहेम लँडमध्ये १९९६ साली एका बेकायदा मासेमारी तळावर, योलंगू लोकांच्या पवित्र स्थानी, मगरीचे छाटलेले शिर सापडले. मासे बॅरामुंडीचे होते. आपल्या रायगडच्या खाड्यांतील जिताडा तो हाच. जंबावा मारावीली या नेत्याच्या पुढाकाराने तेथील चित्रकारांनी झाडाच्या सालींवर समुद्राच्या मालकीची परंपरागत चित्रे रंगवली आणि दुसरीकडे न्यायालयाची वाट धरली. ३० जुलै २००८ रोजी सर्वोच्च न्यायपीठाने निर्णय दिला की आदिवासी भूमीला लागून असलेल्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील पाण्यावरही मूळ मालकांच्या परवानगीवाचून मासेमारी करता येणार नाही. उत्तर प्रदेशाचा, म्हणजे नॉर्दर्न टेरिटरीचा, सुमारे ऐंशी टक्के किनारा या निर्णयाखाली आला. आता आपला गळ बंद होणार, अशी हाकाटी हौशी मासेमारांत उठली. प्रत्यक्षात बोलणी झाली, आणि काही पट्ट्यांत मोबदल्याचे करार होऊन प्रवेश खुला राहिला. न्यू साउथ वेल्सची कहाणी मात्र लाजिरवाणी आहे. आदिवासींच्या पारंपरिक मासेमारीस संरक्षण देणारे कलम विधिमंडळाने २००९ साली संमत केले, पण दहा वर्षे उलटून गेली तरी ते अमलात आणलेच नाही; दरम्यान अ‍ॅबलोनी शिंपले काढणाऱ्या आदिवासी पाणबुड्यांवर खटले भरले जात राहिले.

हौशी मासेमार आदिवासीकडे बोट दाखवतो, जाळेवाला हौशी मासेमाराकडे. आणि वरच्या अंगाला पंप चालू असतात. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या दोन महिन्यांत मेनिंडी गावाजवळ डार्लिंग नदीत दहा लाखांहून अधिक मासे मेले. त्यांत कित्येक दशके जगलेले मरे कॉड होते. दुष्काळ होता, शेवाळ माजले होते, हवा एकाएकी थंड होऊन पाण्यातील प्राणवायू संपला, हे खरेच. परंतु ऑस्ट्रेलियाच्या विज्ञान अकादमीच्या तज्ज्ञांनी स्पष्ट म्हटले की नदीत पाणीच पुरेसे नव्हते, आणि त्याचे कारण दुष्काळाबरोबरच वरच्या भागातील अतोनात उपसा हेही होते. या वरच्या भागात कापसाची विस्तीर्ण बागायत आहे. १९९४ च्या सुधारणांपासून तेथे पाण्याचा हक्क जमिनीपासून तोडून स्वतंत्रपणे विकता येण्याजोगी मालमत्ता बनवण्यात आला. बाजारात पाणी जास्त मोल देणाऱ्याकडे जाते, असे पाठ्यपुस्तक सांगते. मोल देण्यासाठी कॉड माशाजवळ पैसे नसतात, याचा उल्लेख त्या प्रकरणात नसतो. गळवाल्याला दिवसाला दोन मासे, तिसरा सापडला तर दंड. आणि जेथे मूळ प्रवाहच शेतांकडे वळतो, तेथे दहा लाख माशांचा दंड कोणी भरावा?

मार्च २०२३ मध्ये त्याच गावी पुन्हा दोन ते तीन कोटी मासे मेले, त्यांत बहुतेक बोनी हेरिंग. या वेळी कारण निराळे, पुरानंतरच्या पाण्यातील प्राणवायूचा ऱ्हास. परंतु बंधाऱ्यांनी तुकडे पाडलेली नदी दोन्ही वेळा तीच. त्या वर्षाअखेर मजूर पक्षाच्या सरकारने नदीसाठी जलहक्क विकत घेण्याचा मार्ग कायद्याने पुन्हा खुला केला. सार्वजनिक पैशाने सार्वजनिक पाणी परत विकत घ्यावयाचे, हा व्यवहार मला विचित्र वाटतो, तरी त्यास विरोध करणारांत बागायतदारांच्या संघटना आघाडीवर आहेत, एवढ्यावरून त्याची आवश्यकता ध्यानी यावी.

या नदीला काठचे बारकांजी लोक ‘बाका’ म्हणतात. त्यांचे नावच नदीवरून पडलेले आहे. अठरा वर्षे न्यायालयात झगडल्यावर २०१५ साली त्यांचा पारंपरिक भूमिहक्क मान्य झाला, आणि नदीवर मासे धरण्याचा हक्क त्यात आहे. पाण्याचा कोटा त्यात नाही. लक्षावधी सभासदांची मते ज्यांच्या मुठीत आहेत, त्या मासेमार संघटनांनी २००४ साली प्रवाळ बेटांचा एक-तृतीयांश भाग मासेमारीस बंद झाला तेव्हा आकाशपाताळ एक केले होते. बारकांजींच्या पाण्याची मागणी त्यांनी त्याच जोमाने उचलली, तर पुढल्या निवडणुकीत कापूस पट्ट्यातील उमेदवारांना प्रथमच काही उत्तरे द्यावी लागतील.